बाबांबरोबर बर्फाच्या भिंतीपर्यंत

शनिवार, १२. जहाजावर.

उद्या सकाळी उतरायचं. माझ्या बॅगेची चेन लागत नाहीये आणि बाबांची बॅग तासाभरापूर्वीच भरून, पट्टा आवळून दाराशी उभी आहे. त्यांचं सगळं असंच. मोजे उजवीकडे, गोळ्या डावीकडे, रुमाल दाढीच्या डब्यावर. एखादी वस्तू मी इकडची तिकडे केली की लगेच, "डॉक्टरीणबाई, माझ्या संसारात हात घालू नका." मी डॉक्टर नाही. माझं चष्म्यांचं दुकान आहे. पण सव्वीस वर्षं लोकांना खुर्चीत बसवून 'आता बरं दिसतं की मघाशी बरं होतं' असं विचारत आलेय, म्हणून बाबांनी ही पदवी बहाल केली.

ही वही दादामुळे घेतली. निघायच्या आदल्या दिवशी फोनवर म्हणाला, "सात दिवस तू चोवीस तास त्यांच्याबरोबर असणार आहेस. नीट बघ. एकटे राहू शकतात की नाही, ते तू सांगायचं. तू डोळ्यांची माणूस, तुझ्या नजरेतून काही सुटायचं नाही. तू हो म्हणालीस तर राहू देत चौथ्या मजल्यावर. नाही म्हणालीस तर महिनाअखेर मी येऊन घेऊन जातो." दादाच्या नव्या घरात तळमजल्यावरची मागची खोली बाबांसाठी तयार आहे. वहिनीने पडदेसुद्धा शिवून ठेवलेत. बाबांचं उत्तर ठरलेलं: "मला या घरातून हलवायचं तर चौघं आणा."

तर माझा निकाल तयार आहे. बाबा ठणठणीत आहेत. माझ्यापेक्षा जास्त.

पहिल्या दिवशी पहाटे जाग आली तर शेजारचा पलंग रिकामा. चपला न घालता वर धावले, तर बाबा कठड्याला हात लावून जहाजाला फेऱ्या मारत होते आणि ओठ हलत होते. "काय पुटपुटताय?" "पाढे म्हणतोय. थंडी पळते." दोन दिवसांत त्यांना सगळं जहाज पाठ झालं. कुठल्या जिन्याला किती पायऱ्या, कुठलं दार आत उघडतं, कुठे उंबऱ्याला ठेच लागते. मी तिसऱ्या दिवशीही जेवणघर समजून इंजिनाच्या खोलीकडे जात होते, तेव्हा मागून त्यांनीच हाक मारली.

थट्टेखोरपणा तर तसाच. परवा दारामागच्या खुंटीवर कुणाचा तरी लांब कोट लटकत होता. बाबा त्याच्यासमोर थांबले आणि अदबीने म्हणाले, "तुम्ही आधी जा, मला घाई नाही." मी इतकी हसले की चहा सांडला. तेही हसले, जरा उशिराने, पण मोकळेपणाने. जेवणाच्या टेबलावर रोज तीच खुर्ची, आणि वाढणारा आला की, "हिला जे, तेच मला." चहा ओतताना कपाच्या काठावरून आत एक बोट सोडायची नवीनच खोड लागलीय. मी ओरडले तर म्हणाले, "गरम आहे का बघतो. सत्तर वर्षं जीभ भाजली, आता बोटाची पाळी."

आणि दिवसभर आम्ही डेकवर. दोन्हीकडे डोंगर सरळ पाण्यात उतरलेले, मधून ही चिंचोळी वाट, आणि जहाज इतकं हळू चालतं की डोंगरच मागे सरकताहेत असं वाटावं. धुकं येतं, जातं. कधी झोपेत आहोत, कधी जागे, कळत नाही. बाबा मध्येच विचारतात, "आता काय आहे?"

"धबधबा."

"कसा?"

"पांढरा."

"अगं, पांढरा म्हणजे काय? चुन्याचा? दुधाचा? धुतलेल्या चादरीचा?"

बाबांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. त्यांना रंग असा नुसता सांगून चालत नाही. निळा म्हटलं की एका डब्यात काळा किती थेंब टाकला, ते सांगावं लागतं. पहिल्या दिवशी मी वैतागले. तिसऱ्या दिवशी माझं मलाच दिसायला लागलं. परवा मी म्हणाले, "पांढऱ्यात हिरव्याचा एकच थेंब टाकून ढवळायचं विसरलं, तसं पाणी आहे." बाबा म्हणाले, "शाब्बास. हा रंग मी कधी बनवला नाही." बावन्न वर्षांच्या बाईला शाब्बासकीने इतकं बरं वाटू नये, पण वाटलं.

काल हिमनदी समुद्रात संपते त्या बर्फाच्या भिंतीपाशी पोहोचलो. इंजिन बंद केलं. सगळे कठड्याला चिकटले आणि कुणी बोलेना. मी बाबांच्या कानाशी हळू आवाजात सांगत होते, वरपासून खालपर्यंत, भेगाभेगांतून. एक मोठा तुकडा सुटला आणि आवाज नंतर आला. बाबांनी माझा हात घट्ट धरला. लहानपणी मी त्यांचा धरायचे तसा.

एकच गोष्ट खुपते. बोलताना बाबा माझ्याकडे बघत नाहीत. माझ्या कानामागे कुणी उभं असल्यासारखं बघतात. मी तोंड त्यांच्यासमोर नेलं की ते मान आणखी वळवतात. घराबद्दल मी आणि दादा पाठीमागे बोलतो, हे त्यांना कळलं असणार. राग आहे. तोंडाने थट्टा आणि नजरेत राग. मी विचारलं नाही. सहलीत कशाला?

रविवार, १३. घरी.

उतरलो. संपलं.

सकाळी गडबडच गडबड. केबिनच्या क्रमांकाप्रमाणे बॅगा बाहेर, क्रमांकाप्रमाणे माणसं बाहेर. फोटोवाला दाराशी पाकिटं वाटत होता. भिंतीसमोर त्याने प्रत्येकाचा एक फोटो काढला होता, आमचाही. मी बॅगांच्या मागे लागले होते, म्हणून पाकीट बाबांनी घेतलं. उघडलं, हात लांब करून फोटो धरला, मान जराशी तिरपी केली.

"छान आलीयस. मी मात्र म्हातारा दिसतो."

"तुम्ही म्हातारेच आहात."

"म्हणून तर फोटो चांगला म्हणतोय. खोटं काढलं नाही त्याने."

पाकीट माझ्या पर्समध्ये टाकलं. उतरायच्या फळीवर एका बाजूला कठडा नव्हता. खलाशी हात द्यायला पुढे आला, तर बाबांनी त्याचा नाही, माझा दंड धरला. कोपराच्या जरा वर, हलकाच. सात दिवस जिथे कठडा नसेल तिथे ते असंच धरायचे. मी मनात म्हटलं, राग असला तरी माया आहे.

टॅक्सीत बाबा एकदम म्हणाले, "तू सगळं छान दाखवलंस."

"मी कुठे दाखवलं? जहाजाने दाखवलं."

"जहाज नुसतं नेतं," ते म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

त्यांच्या इमारतीपाशी मी वर यायला निघाले तर नको म्हणाले. बॅग उचलून जिना चढायला लागले. मी खाली उभी राहून पावलं ऐकत होते. एकाही पायरीवर अडखळले नाहीत. चौथ्या मजल्यावर दार उघडल्याचा, लागल्याचा आवाज आला. माझ्या जिवात जीव आला आणि त्याच क्षणी असं रिकामं वाटलं की काय सांगू. सात दिवस शेजारी एक माणूस सतत विचारत होता, आता काय आहे? रस्त्यावर मी एकटीच उभी, आणि समोरच्या भिंतीचा रंग कसा आहे ते सांगायला कुणी नाही.

मंगळवार, १५.

जमीन हलते आहे. खरंच. दुकानात काउंटरला धरून उभी राहिले तरी पायाखालून कुणी हळूच चादर ओढतंय, असं वाटतं. जहाजावर हललं नाही ते इथे हलतंय. डोळे मिटले की डोंगर सरकायला लागतात. एक गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, तुम्ही डुलताय." मी म्हटलं, "अजून उतरलेच नाही." त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

मी नव्हते तेव्हा दुकानाला रंग देऊन घेतला. ओलीने भिंतीचे पोपडे निघाले होते, आणि तपासणीच्या खुर्चीसमोरच्या अक्षरांच्या तक्त्याचाही रंग तिच्याबरोबर उडायला लागला होता. तो बाबांनी स्वतः रंगवलेला. दुकान उघडलं तेव्हा छापील तक्ता घ्यायला पैसे नव्हते, तर बाबांनी पत्र्यावर फूटपट्टी लावून, केसाएवढ्या ब्रशने शेवटची ओळसुद्धा अशी काढली की छापील झक मारेल. त्याच्याच जागी आता आतून उजेड असलेला नवा बसवलाय. बाबांना सांगितलं नाही. वाईट वाटेल. आल्यावर दिसेलच.

दादाला फोन केला. म्हटलं, "लिहून घे. बाबा एकटे राहू शकतात. माझी खात्री आहे."

"डोळे?"

"अरे, दर वाढदिवसाला मी तपासते. यंत्रावर बसत नाहीत, म्हणतात माझा तक्ता असताना यंत्र कशाला. पण खालची ओळ घडाघडा म्हणतात. माझ्या चाळिशीतल्या गिऱ्हाइकांना नाही येत."

दादा म्हणाला, "ठीक. तुझ्यावर सोडलं. तुझी वहिनी पडदे दुसऱ्या खोलीला लावेल."

इथे खरं ते लिहिते. बाबांना त्यांच्या घरात राहायचंय म्हणून मी हो म्हटलं, पण त्यात माझाही स्वार्थ आहे. ते गेले तर या गावात मला 'डॉक्टरीणबाई' म्हणणारं कुणी उरत नाही. आणि ते राहिले तर म्हातारपणाचं सगळं माझ्या एकटीच्या गळ्यात. दोन्ही विचार एकाच वेळी मनात होते. फोन ठेवल्यावर जमीन जास्तच हलली.

गुरुवार, १७.

पर्स उपसताना पाकीट सापडलं. काय गंमत! आत भलत्याच लोकांचा फोटो. एक पिंगट केसांची तरुण मुलगी, गळ्यात लाल स्कार्फ, आणि तिच्या खांद्यावर हात टाकलेला धिप्पाड टकला माणूस, मिशा अशा की दोन वाट्या ठेवाव्यात. मागे मात्र तीच भिंत, तोच हिरव्याचा एक थेंब. आमची केबिन दोनशे सोळा, पाकिटावर दोनशे एकसष्ट. फोटोवाल्याचा घोटाळा.

म्हणजे बाबांनी हा फोटो बघून, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, "छान आलीयस" म्हटलं! मला चांगलंच बनवलं. लगेच फोन लावला.

"बाबा, मी लाल स्कार्फमध्ये कशी दिसते?"

"काय?"

"फोटोतली मी. आणि तुमच्या मिशा! पाकीट बदललंय हे तुम्हाला कळलं होतं आणि गप्प बसलात. लबाड आहात."

पलीकडे बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं फोन कटला. मग हसले. "आता तू पकडलंसच तर काय बोलणार," म्हणाले. आणि मग, "त्यांच्याकडे आपला फोटो गेला असेल ना?"

"असेल."

"जपून ठेवतील. बघणाऱ्याकडे गेला, बरं झालं."

असं कधीकधी काहीतरी बोलतात. मी हसतच फोन ठेवला. दिवसभर आठवून हसू येत होतं.

शुक्रवार, १८.

काही नाही. अजून हलतंय, पण कमी. ते थांबेल या विचाराने उगाच वाईट वाटलं.

शनिवार, १९.

जमेल तसं लिहिते.

दुपारी बाबा दुकानात आले, चष्म्याचा स्क्रू ढिला झाला म्हणून. गिऱ्हाईक नव्हतं. स्क्रू आवळला आणि नेहमीप्रमाणे म्हटलं, "आलाच आहात तर बसा, बघून टाकू." तेही नेहमीप्रमाणे बसले. मी दिवा लावला, डाव्या डोळ्यावर झाकण धरलं आणि नव्या तक्त्याबद्दल काय म्हणतात याची वाट बघत राहिले.

बाबांनी घसा साफ केला आणि वाचायला लागले. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. ठणठणीत आवाजात, कुठे न अडखळता, थेट शेवटपर्यंत.

त्यातलं एकही अक्षर समोर नव्हतं.

ते जुना तक्ता म्हणत होते. सव्वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने काढलेला.

पहिल्यांदा मला थट्टाच वाटली, इतकी मी शहाणी. हसायला तोंड उघडलंही होतं. मग त्यांचा चेहरा बघितला. धडा नीट म्हणून दाखवलेल्या मुलासारखा दिसत होता.

"बाबा," मी म्हटलं, "तक्ता बदललाय."

त्यांनी हात उचलून समोर धरला, जणू तक्ता हाताला लागेल. खुर्चीपासून भिंत चांगली दहा पावलं दूर. मग हात मांडीवर ठेवला.

"रंगाचा वास आला होता," ते म्हणाले. "वाटलं, भिंतच रंगवली असशील."

मी खाली जमिनीवरच बसले. कोट आठवला, कपातलं बोट आठवलं, पहाटेचे पाढे आठवले. पाढे नव्हतेच ते, पायऱ्या होत्या, दारं होती. फोटो आठवला आणि मी त्याबद्दल फोनवर किती हसले तेही आठवलं. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात. मी तर काखेतला कळसा सात दिवस समुद्रावर फिरवून आणला आणि भावाला कळवलं की कळसा ठणठणीत आहे.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. आधी पाटीतली मधली अक्षरं गेली. मग नोटेवरचा आकडा. कडेचं आहे, अजून चांगलं आहे. मधलंच तेवढं गेलंय. धुरकट गोळा, मी बघेन तिथे तो."

"मला का नाही सांगितलंत? मला! रोज दहा लोकांचे डोळे तपासते मी!"

"तू सांगितलं असतंस दादाला. मग पडदे. मग मागची खोली."

मी रडायला लागले. चिडले होते, त्यांच्यावर कमी आणि स्वतःवर जास्त. म्हटलं, "आणि जहाजावर माझ्याकडे बघत नव्हतात. मला वाटलं रागावलात."

बाबांनी मान वळवली, माझ्या कानामागे बघितलं, तसंच. "समोर बघितलं की तू जातेस गं," ते म्हणाले. "बाजूला बघितलं की येतेस. मग कुठे बघू?"

दुकान लवकर बंद केलं. त्यांना घरी सोडलं. या वेळी मी वर गेले, आणि ते नको म्हणाले नाहीत.

मंगळवार, २२.

ज्यांच्याकडे मी गिऱ्हाइकं पाठवते, त्या नेत्रतज्ज्ञांकडे काल बाबांना घेऊन गेले. मोठं यंत्र, थेंब, अंधारी खोली. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, दोन्हीकडचा. गेलं ते परत यायचं नाही. कडेची नजर बहुधा राहील. चष्म्याने काही होणार नाही, हे मला सांगायची त्यांना गरज नव्हती, तरी सांगितलं.

मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, "दोन वर्षांपूर्वी कळलं असतं तर?"

"फारसा फरक पडला नसता."

खरं बोलले की माझ्यावर दया केली, ते कळलं नाही. मी विचारलंही नाही. मी स्वतः लोकांना असंच सांगते.

मग म्हणाले, "एकटे राहतात का? किती वर्षं त्याच घरात?"

"चाळीस."

"मग घर बदलू नका. त्या घरात त्यांना दिसतंय असं समजा. नव्या घरात ते आंधळे होतील."

इतके दिवस माझा निकाल चुकीच्या कारणासाठी बरोबर होता. तो तसाच ठेवून दादाला काहीच न सांगणं सोपं होतं. संध्याकाळभर मी तेच मनात घोळवलं. बाबांनीही काल जिन्यात हेच विचारलं, "सांगायलाच हवं का?" विनवणी नव्हती, पण त्यांनी माझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही, आणि हे मागितलं. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही तक्ता पाठ केलात आणि मी फसले. आता मी पाठ केलेलं दादाला म्हणून दाखवू का?" ते म्हणाले, "नको. मग सांग." आणि पुढच्या पायरीला पाय टाकला.

गुरुवार, २४.

आज बाबांच्या घरून दादाला फोन लावला. आवाज मोठा करून टेबलावर ठेवला, म्हणजे पाठीमागे काही नाही. सगळं सांगितलं. तक्ता, फोटो, तज्ज्ञ काय म्हणाले ते.

दादा भडकला. साहजिक आहे. "तू खात्रीने सांगितलं होतंस! डोळ्यांची माणूस म्हणे! चार मजले, गॅस, रस्ता! उद्या जिन्यात पडले तर?"

"जिन्याच्या बहात्तर पायऱ्या आहेत," बाबा म्हणाले. "दुसऱ्या मजल्याची सातवी फुटकी आहे. तू आलास की तूच अडखळतोस."

"बाबा, हा थट्टेचा विषय नाही. मी रविवारी येतोय न्यायला."

"ये की. पण आधी सहल ऐक. तू विचारलंच नाहीस, कशी झाली."

दादा काहीतरी पुटपुटला, पण बाबांनी सुरुवात केलीच होती. खुर्चीत मागे टेकून, चेहरा खिडकीच्या उजेडाकडे करून ते बोलत होते. डोंगर कसे पाण्यात उतरतात आणि जहाज नाही, तेच कसे सरकतात. धुकं आलं की सगळे नकळत हळू बोलायला लागतात. पहिला धबधबा चुन्याचा, दुसरा ताकाचा, तिसरा नुसताच आवाज. सगळे माझेच शब्द होते, पण मी तुकड्या-तुकड्याने टाकलेले, आणि त्यांनी ते एकसंध करून ठेवले होते. मग भिंतीपाशी आले. पांढऱ्यात हिरव्याचा एकच थेंब, न ढवळलेला. वरपासून खालपर्यंत भेगा.

"आणि ती पडायच्या आधी वास येतो," बाबा म्हणाले. "ओल्या पाटीपेन्सिलीचा. पाण्यात बर्फाचे तुकडे असतात ना, ते तडतडतात. सोड्याची बाटली उघडल्यासारखे, सगळीकडून. हजारो बाटल्या. आणि माझ्या डाव्या कडेला, अगदी कडेला, एक पांढरं हळूच खाली वाकलं. हे मला दिसलं. हे हिने सांगायच्या आधी मला दिसलं."

म्हणून त्यांनी माझा हात धरला होता. मी तिथेच, त्यांच्या शेजारी उभी होते, आणि मला ना वास आला होता, ना तडतड ऐकू आली होती. आता टेबलापाशी बसून आली. डोळे मिटले तर खोली हळूच हलली, शेवटची.

फोनवर नाक ओढल्याचा आवाज आला. दादा रडत नाही, त्याला सर्दी होते.

"रोज कोण बघणार?" त्याने शेवटी विचारलं. आवाज खाली आला होता.

"मी," मी म्हटलं. हे म्हणताना ओझं वाटलं नाही, असं लिहिलं तर खोटं होईल. वाटलं. तरी म्हटलं. "गॅसच्या बटणांना मी खाचा पाडून आणतेय. सामान मी आणीन. रस्ता ओलांडायचा नाही, हे त्यांनी कबूल केलंय."

"निम्मं," बाबा म्हणाले. "निम्मा रस्ता कबूल केलाय."

"पूर्ण," मी म्हटलं.

"बरं, पूर्ण."

"मी रविवारी येतोच," दादा म्हणाला. "न्यायला नाही. ती सातवी पायरी बसवायला."

फोन ठेवला. मी पर्स उचलली. बाबा उठले, भिंतीला बोटं लावत आतल्या खोलीत गेले, कपाटाचा खण उघडल्याचा आवाज आला. परत आले ते हातात किल्ली घेऊन. आई गेली तेव्हापासून मी या घराची किल्ली मागत होते आणि ते कधीच देत नव्हते. त्यांचं म्हणणं, किल्ली दिली की घर आपलं राहत नाही. आज त्यांनी माझा हात शोधला आणि तळव्यावर ठेवली.

"एक अट. किल्ली आहे म्हणून थेट आत शिरायचं नाही. बेल वाजवायची. मी 'कोण' म्हणणार. तू सांगायचं. मग मी माझ्या पायांनी येऊन दार उघडणार."

"मग किल्ली कशाला?"

"ज्या दिवशी मी 'कोण' म्हणणार नाही, त्या दिवसासाठी."

मी मान हलवली, आणि मग आठवलं की मान हलवलेली त्यांना दिसत नाही. तरी ते म्हणाले, "ठरलं तर मग."

बहात्तर पायऱ्या उतरले. सातवी चुकवली. खाली रस्त्यावर आल्यावर किल्ली मुठीत इतकी घट्ट धरली होती की तळव्यावर दात उमटले होते. चार पावलं चालले, आणि मग उलटी फिरून पुन्हा सगळे जिने चढले. चौथ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत धाप लागली होती. किल्ली पर्समध्ये टाकली आणि बेल वाजवली.

"कोण?" आतून आवाज आला.

"मी, बाबा."

मग पावलं ऐकू आली, सावकाश, न अडखळता, दाराकडे येणारी. मी उभी राहून ती ऐकत होते.